कुणीच नसलेली मुलगी

आनेके नावाची हॉलंडची बाई आमच्या बालाश्रमात आली ती १९५६च्या मार्चमध्ये. चार महिने अनाथ मुलांची सेवा करायची आहे, असं तिनं आधी पत्रानं कळवलं होतं. येताना तिनं एक कॅमेरा आणला आणि लोकरी टोप्यांनी भरलेली पेटी आणली. वर्ध्याच्या उन्हाळ्यात लोकरी टोप्या! आमचे चालक प्रभाकरराव यांनी त्या आश्रमातल्या सगळ्या चाळीस मुलांच्या डोक्यावर चढवून तिचं स्वागत केलं. मुलं डोकी खाजवत उभी होती आणि बाई गहिवरून डोळे पुसत होती.

मी तिथली शिक्षिका, कोकिळा. मला थोडंफार इंग्रजी येत होतं, म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. सकाळी सहाला आंघोळ झालेल्या मुलांना आनेके दहा वाजता पुन्हा आंघोळ घालायची, कारण दहा वाजता फोटोला उजेड चांगला मिळायचा. पाणी स्वयंपाकीण देवकाबाई शेंदायच्या. त्या फोटोत नसायच्या. मग एके दिवशी बाईनं सांगितलं, मुलांनी मला ‘आई’ म्हणावं. चार महिन्यांनी बोटीत बसून जाणारी ही कसली आई, असं माझ्या मनात आलं. पण मी ते तोंडातून काढलं नाही. मुकाट्यानं मुलांना सांगितलं, आजपासून बाईंना आई म्हणायचं.

सगळे म्हणाले. पंचफुला म्हणेना.

ही आठ वर्षांची गोंडाची मुलगी. आईबाप जंगलकामावर पटकीनं गेले. आजी रामबाई तिला घेऊन भटकत पुलगाव स्टेशनावर येऊन राहिली. तिथून पोलिसांनी पोरीला उचलून आमच्याकडे पोहोचवलं आणि म्हातारीला हाकलून दिलं, कारण सरकारी कागदात म्हाताऱ्यांसाठी रकाना नव्हता. रामबाई हटली नाही. तिनं जवळच्या सावंगीला गवत कापायचं काम धरलं आणि दर रविवारी पायी येऊन फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली बसू लागली. पंचफुलाची वेणी घालायची, दोघी आपल्या बोलीत तासभर बोलायच्या, मग म्हातारी उठून जायची.

प्रभाकररावांनी मात्र आनेकेला सांगून ठेवलं होतं की, या मुलांना जगात कुणी म्हणजे कुणीच नाही. खरं तर त्यातल्या पंधराएक जणांची माणसं सणावाराला येत. पण ते सांगितलं असतं तर बाईचं रडणं कमी झालं असतं.

एका शनिवारी प्रभाकररावांनी मला बोलावलं. “त्या म्हातारीला म्हणावं, पाहुण्या बाई जाईपर्यंत इकडे फिरकू नकोस. बरं दिसत नाही.”

हे तरी मी नाकारायला हवं होतं. नाकारलं नाही. दुसऱ्या दिवशी फाटकाशी जाऊन मी रामबाईला म्हणाले, “आश्रमात साथ आली आहे. दोन-तीन महिने येऊ नका.”

“पोट्टी बिमार हाय का?” तिनं विचारलं.

“थोडा ताप आहे,” मी म्हणाले. इतकं सहज खोटं बोलता येतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

ती गेली. मंगळवारी सकाळी परत आली. पदरात तापावरची गुळवेल बांधलेली, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. नेमकी त्याच वेळी अंगणात आनेके पंचफुलाला मांडीवर घेऊन बसली होती आणि कॅमेरा प्रभाकररावांच्या हातात होता. रामबाई फाटक ढकलून सरळ आत आली.

“पोट्टी बिमार हाय म्हणता, अन् मले येऊ नोको म्हणता? बिमार असन त मी काऊन नाई येऊ?”

पंचफुलानं बाईच्या मांडीवरून उडी मारली आणि म्हातारीच्या कमरेला मिठी घातली. आनेके उठून उभी राहिली. ही कोण, असं तिनं विचारलं.

“शेजारची भिकारीण आहे,” प्रभाकरराव इंग्रजीत म्हणाले. “मुलांना तिचा लळा आहे.”

आनेकेनं माझ्याकडे पाहिलं. रामबाईही माझ्याकडेच पाहत होती.

“ही पंचफुलाची आजी आहे,” मी म्हणाले. “दर रविवारी येते. ताप आल्याचं मीच खोटं सांगितलं, म्हणून औषध घेऊन आली आहे.”

मला वाटलं, आता बाई म्हातारीचे हात धरेल. निदान प्रभाकररावांना चार शब्द सुनावेल. तिचा चेहरा उतरला खरा, पण तो स्वतःसाठी.

“म्हणजे ही अनाथ नाही?” ती म्हणाली. “मी तर घरी हिच्याबद्दल तीन पत्रं लिहिली!” मग थोडं थांबून, अगदी नम्रपणे तिनं विचारलं, “दुसरी एखादी मिळेल का? खरोखरच कुणी नसलेली?”

प्रभाकररावांनी लगेच मुलांची रांग लावली. “ज्याले कोणीच नाई, त्यानं हात वर करा,” ते म्हणाले. फोटो काढून घेणाऱ्याला चॉकलेट मिळतं, हे मुलांना पाठ होतं. सगळे हात वर गेले. भागीरथा नावाच्या मुलीनं तर दोन्ही हात वर केले. तिची मावशी आदल्याच महिन्यात तिला परकर देऊन गेली होती. बाईनं भागीरथाला निवडलं.

मी रामबाईला स्वयंपाकघरात नेलं. देवकाबाईंनी तिला भाकर वाढली. तिनं ती पंचफुलाला भरवली आणि हात धुऊन उठली.

“मी घेऊन चालली इले. जिथं पोट्टीच्या जिवावर खोटं बोलतेत, तिथं मी इले ठेवत नाई.”

मी माफी मागितली. तिनं ऐकून घेतली, एवढंच. प्रभाकरराव कागदपत्रांचं काही पुटपुटले, पण पाहुणीसमोर त्यांना आवाज चढवता येईना. आजी-नात फाटकाबाहेर पडल्या. पोरीनं मागे वळूनही पाहिलं नाही.

आनेके एप्रिलच्या अखेरीसच गेली. ऊन सोसत नाही म्हणाली. जाताना भागीरथाला कवटाळून इतकी रडली की टांगेवाला हिरालाल टांग्यातून खाली उतरून उभा राहिला. पुढे प्रभाकररावांनी मला तिला आभाराचं पत्र लिहायला सांगितलं. मी लिहिलं, आणि शेवटी कोणत्या मुलाचं कोण आहे, कोणत्या गावी आहे, ते नावानिशी लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. पत्राची नक्कल वाचल्यावर प्रभाकररावांनी माझ्याकडून इंग्रजी पत्रव्यवहार काढून घेतला आणि शिवणाचा वर्ग दिला.

शिवणाचा वर्ग ओसरीवर भरायचा. रविवारी मुलांची माणसं आली की मी त्यांना तिथं सतरंजीवर बसवू लागले. प्रभाकरराव बघून न बघितल्यासारखं करत. परदेशी पाहुणे कुणी नव्हते, त्यामुळे त्यांची हरकत नव्हती.