बोडिलच्या बशीवरची नजर

रविवारची कॉफी मांडली होती. टोंडर गावाकडच्या रिवाजाप्रमाणे टेबलभर केक होते, आणि ते सगळे भाजणारी बोडिल मात्र राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा चघळत होती. किटली घेऊन स्वयंपाकघरातून येताना ती दम लागून दोनदा थांबली.

"आली बघा आमची मालगाडी!" दीर म्हणाला. सगळे हसले. बोडिलही हसली. जाड माणसाने आधी आपणच हसून घ्यावं, हे ती केव्हाच शिकली होती.

लेक सान्ने हसली नाही. आईचा हात केककडे जाताना दिसताच तिने बशी दूर सरकवली. "वजन उतरव, दम आपोआप जाईल. किती वेळा सांगू?"

"तुझं बरोबरच आहे गं," बोडिल म्हणाली.

बरोबर नव्हतं. जन्मभराच्या सिगारेटींनी तिची फुप्फुसं पोखरली होती. पण दम लागतो म्हणून ती दवाखान्यात गेली, की डॉक्टर तिला काट्यावर उभी करत आणि कमी खायला सांगून घरी पाठवत. नळीत फुंकायला लावून फुप्फुसं तपासावीत, हे कुणाला सुचलं नाही. सडपातळ बाई असती तर सुचलं असतं. लठ्ठ माणसाचं प्रत्येक दुखणं त्याच्या चरबीच्या माथी मारायचं, ही आम्हा शिकल्यासवरल्या लोकांची रीत आहे, आणि ती माणसं मारते.

फेब्रुवारीत फ्लूचं निमित्त झालं आणि बोडिल अतिदक्षता विभागात पोहोचली. मास्कने भागेना. तरुण डॉक्टरने सान्नेला आणि तिच्या वडिलांना, एगोनला, बाजूला घेतलं. "व्हेंटिलेटर लावता येईल. पण फुप्फुसं अशी, त्यात एवढं वजन... उगीच हाल करायचे का, बघा."

"तिनं स्वतःच ओढवून घेतलंय हे," सान्ने म्हणाली. "जाऊ द्या तिला शांतपणे."

एगोन आजवर लेकीच्या शब्दाबाहेर गेला नव्हता. आता तो डॉक्टरकडे वळला. "जाऊ द्या म्हणे! ती बारीक असती, तर हे विचारलं असतंत का हो? नळी घाला."

"नसतं विचारलं," मागून आलेल्या मोठ्या डॉक्टर विबेके म्हणाल्या. "या आजारात जाड माणसं इथं वाचत नाहीत, हा नुसता समज आहे. बारीक रुग्णांपेक्षा ती कित्येकदा जास्त तगतात. मेहनत आम्हाला जास्त पडते, आणि ती आम्ही करू." मग त्यांनी विचारलं, "यांचं खाणं फार कमी झालं होतं का? अंगात ताकदच नाही. श्वास ओढायलाही स्नायू लागतात."

सान्नेला तोंड वर करवेना. "मी तोडलं होतं," ती कसंबसं म्हणाली.

नळी निघायला कित्येक आठवडे लागले. त्यानंतरच्या एका दुपारी सान्ने आत आली, तेव्हा नर्सने बोडिलच्या हाती लापशीची वाटी दिली होती. लेकीला पाहताच बोडिलने घाईघाईने वाटीवर रुमाल टाकला.

"दोनच चमचे खाल्ले गं," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "नर्सनेच दिली. मी नाही मागितली."

सान्ने खाटेशी गुडघ्यांवर बसली. तिने रुमाल काढला. "आई, खा ना. सगळी खा."

बोडिल तिच्याकडे घाबरून बघत राहिली.

"रागावणार नाहीस ना?"