डेक्कर नावाचं कुत्रं

बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडच्या वाडीवर हॉलंडचा डेक्कर साहेब बोअर पाडायला आला आणि गोजरबाईच्या घरी जेवू लागला. पाणी लागलं, तसा साहेब मशीन घेऊन पुढच्या गावाला गेला. मशीनच्या सावलीला वाढलेलं कुत्र्याचं पिल्लू मागं राहिलं. ते गोजरबाईच्या सुनेनं, चांगुणानं, उचलून घरी आणलं.

एक दिवस अंगणातून हाक आली, “डेक्कर, यू यू यू!”

गोजरबाईची भाकरी तव्यावरच करपली.

“अगं ए सटवे! ज्यानं पानी दावलं त्याचं नाव कुत्र्याला? आन् उद्या त्यो पंप बघाया येनार हाय! मोत्या ठिव की.”

“थोरल्या भाऊजींचं नाव हाय त्ये.”

“मंग राजा.”

चांगुणानं पदर तोंडाला लावला. राजाराम तिचा नवरा. सासरच्या गड्यांची नावं सुनेनं घ्यायची कशी? उरलं वाघ्या. पण ते गोजरबाईच्याच ओठांवर येऊन थांबलं. वाघोजी तिचे मालक. जाऊन वर्षं झाली, तरी तिनं नाव घेतलं नव्हतं.

“आत्याबाई, ह्या घरात माज्या तोंडाला चालंल असं गड्याचं येकच नाव हुतं. मोठ्यानं हाक मारली, तवा लई हलकं वाटलं.”

गोजरबाईनं करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. जन्मभर “आवं” आणि “ऐकलं का” करून गळा कसा आवळतो, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण पाहुण्याची अब्रू?

दुसऱ्या दिवशी साहेब आला. त्याला मोडकं मराठी यायचं. लपवाछपवी गोजरबाईच्या रक्तात नव्हती, तिनं सरळच सांगितलं आणि विचारलं, “तुमच्यात ठिवत्यात का असं?”

“नाही.” साहेबाचे कान लाल झाले. “डेक्कर आडनाव आहे. माझा बाप, आजा, सगळे डेक्कर.”

मेले! एका माणसाचं नव्हे, अख्ख्या घराण्याचं नाव उकिरडा हुंगत फिरत होतं. तरी तिनं मान वर ठेवून सुनेची अडचण सांगितली. साहेबानं अंगणातल्या कुत्र्याकडं पाहिलं.

“माझी बायको भांडतानासुद्धा मला नावानं हाक मारते.”

“मंग तिला कुत्रं कशाला लागतंय!”

साहेब हसला. “राहू द्या,” म्हणाला.

त्यानं नाव दिलं, तरी गोजरबाईला ते असं फुकटात नको होतं. जीप गेल्यावर तिनं सुनेला बोलावलं.

“हाक मार, पोटभर मार. पन घरंदाज नाव हाय, अरेतुरे चालायचं न्हाई. डेक्करराव म्हन.”

चांगुणानं भाकरीचा तुकडा उचलला. “आवो डेक्करराव, या जेवाया.”

“आसं,” गोजरबाई म्हणाली, आणि पुढ्यातलं पाखडायचं सूप सरकवून कुत्र्याला जागा करून दिली.