एकदाच दाब, सोडू नकोस

मित्रांनो, मी एक जुनी दाबाची टाकी आहे. पोट फाटलेली. शेडचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून आता मला त्याला टेकवून ठेवतात. पूर्वी मी एका जेट विमानात, चाकं मिटून बसतात त्या खोबणीत राहायचे. माझ्या पोटात अर्धा कोंडलेला वायू आणि अर्धं लाल तेल. विमानाचं बाकी सगळं तेल गळालं, तरी ब्रेक एकदा धरता येईल एवढा जोर माझ्यात असे. एकदाच बरं का! पाय उचलला की तो जोर गेलाच.

अकरा वर्षं माझी कुणाला गरज पडली नाही. विचारपूस करायची ती एकटी तेराका, प्रशांत महासागरातल्या आमच्या तारावा बेटावरची मेकॅनिक. रोज सकाळी स्वतःच्या गुडघ्यांना शिव्या घालत ती खोबणीत शिरायची आणि माझा काटा बघायची.

तिचा भाचा तिआओन त्याच विमानाचा कॅप्टन. तो खालून ओरडायचा, "मावशी, त्या डब्याची नाडी किती बघशील? मेला तर मीच कळवीन!"

"कळवायला तू उरलास तर ना, शहाण्या!"

एका दुपारी समुद्रावर असताना तेलाचा मुख्य पाइप फाटला. दुरुस्तीसाठी सोबत असायची तशी तेराका त्या दिवशीही विमानात होती. आत सदतीस उतारू. चाकं स्वतःच्या वजनानं खाली पडली, पण वेग कमी करणारे पंखांचे पडदे उघडेनात. आमची धावपट्टी जेमतेम. ती संपली की रस्ता, आणि रस्त्यापलीकडे समुद्र.

वैमानिकांच्या खोलीत काय झालं ते मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. ती म्हणाली, "तिआओन, शिंपल्यांसाठी बुडी मारतोस तेव्हा मध्येच श्वास सोडतोस का? ब्रेक दाबलास की पाय तसाच ठेव."

विमान धाडकन आदळलं. त्यानं ब्रेक दाबला आणि माझं तेल सणसणत सुटलं. चाकं जागीच अडकली. एक टायर फुटला, मग दुसरा. रबराचे तुकडे खोबणीत घुसून मला झोडपू लागले. ठिणग्या उडाल्या, उतारू किंचाळले, विमान तिरकं फरफटू लागलं. घाबरून तिआओनचा पाय उचलला जाणार, तेवढ्यात तेराकानं पट्टा सोडला आणि दोन्ही हातांनी त्याचा गुडघा खाली रेटला.

"मेलास तरी सोडू नकोस!"

चाकाचा दांडा मोडून वर आला आणि त्यानं माझं पोट फाडलं. त्याच हिसक्यात तेराका समोर आदळली. तिच्या खांद्याचा चुरा झाला. विमान थांबलं तेव्हा त्याचं नाक रस्त्यावर होतं. सदतीसच्या सदतीस उतारू चालत उतरले.

तिचा उजवा हात आता वर जात नाही. मित्रांनो, वर्षानुवर्षं गप्प बसलेल्या वस्तूकडेही रोज एकदा बघत जा. माझ्याकडे बघणारी होती, म्हणून माझ्यात जोर होता.

आता ती सकाळी माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसते. नव्या विमानाच्या खोबणीत तिआओन शिरतो आणि नव्या टाकीचा आकडा ओरडून सांगतो.

"बरोबर आहे, मावशी!"

"परत बघ," ती म्हणते. आणि तो मुकाट्यानं परत बघतो.