वारा आत, पाऊस बाहेर

मित्रांनो, मी एक जुना व्हायझर आहे. घराच्या खिडकीवर छज्जा असतो ना, तसा मी मोटारीच्या खिडकीवरचा छज्जा. आणि मोटार म्हणजे ऐरीगैरी नव्हे बरं का, जमिनीलगत बसणारी, लालभडक, दोनच दारांची स्पोर्ट्स कार! काच बोटभर उघडी असली तरी आतल्या माणसावर थेंब पडू द्यायचा नाही, हे माझे काम. वारा आत, पाऊस बाहेर. ऐकायला सोपे वाटते. सुसाट वेगात, तोंडावर पावसाचे सपकारे खात करून बघा, म्हणजे कळेल.

माझा जन्म कारखान्यातला. धुरकट प्लास्टिकचा तक्ता तापवून मऊ केला, साच्यावर दाबला, कडा घासल्या आणि पाठीला चिकटपट्टी लावली, की झालो मी तयार. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊही जन्मला. मी उजव्या दाराचा, तो डाव्या.

आम्हाला विकत घेणारा मालक चष्म्याचा दुकानदार होता. चांगला सहा फूट उंच, तरी त्याची आई त्याला छोट्याच म्हणायची. काचेवर बोटाचा ठसा दिसला की त्याला घास जात नसे. गाडीच्या सीटा दुधासारख्या पांढऱ्या चामड्याच्या. दर रविवारी तो गाडीला मेणाचे पॉलिश चढवायचा. स्टिअरिंगला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. आईलासुद्धा नाही, आणि त्या बाईंनी तर कित्येक वर्षे बेकरीची पावाची गाडी चालवून या छोट्याला मोठे केले होते!

आईंची एकच अडचण होती. दुसऱ्याने चालवलेल्या बंद गाडीत बसले की त्यांना गाडी लागायची.

"काच जरा खाली घे रे," त्या म्हणायच्या.

"आई, पाऊस आहे. सीट भिजेल. आणि गाडी लागणं वगैरे सगळे मनाचे खेळ असतात."

त्यामुळे पावसाळ्यात आई घरीच बसायच्या. पण त्यांची धाकटी लेक घाटापलीकडे राहायची. तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी प्रवास करायचा नाही असे बजावले होते. बाळंतपणात लेकीजवळ असायचेच, असे आईंनी ठरवले. तेव्हा कुठे आमची खरेदी झाली.

बसवायचा दिवस अर्थातच रविवार. मालकाने आधी माझ्या भावाला चिकटवले, तेही नुकत्याच चढवलेल्या चकचकीत मेणावर. पाकिटावर स्पष्ट लिहिले होते, जागा साबणाने धुवून कोरडी करा. पण पॉलिश घालवायचे म्हणजे त्याच्या जिवावर आले. माझ्या बाजूलाही हेच झाले असते, पण तेवढ्यात एका कावळ्याने नेमका तिथेच प्रसाद दिला. आईंनी साबणाचे पाणी आणून ती जागा खसाखसा घासली.

"गेलं माझं पॉलिश!" मालक कळवळला.

त्या स्वच्छ पत्र्यावर मी असा चिकटलो की आजतागायत हललेलो नाही. कावळ्याचे उपकार मी मानतो. बाकी कर्तबगारी माझी.

मालकाचे मित्र मात्र आम्हाला बघून खो खो हसले. "अरे, स्पोर्ट्स कारला शेड टाकलीस होय? आता खाली गुरं बांध!" मालकाचा चेहरा पडला. मला फार लागले ते. पण बोलणाऱ्याचे तोंड कोण धरणार?

मग तो दिवस आला. आई गाडीजवळच उभ्या होत्या तेव्हा लेकीचा फोन आला. डॉक्टरांनी संध्याकाळीच ऑपरेशन करायचे ठरवले होते.

"आई, तू आल्याशिवाय मी आत जाणार नाही. मला भीती वाटते गं," ती म्हणाली.

"निघालेच बघ," आई म्हणाल्या.

बाहेर धो धो पाऊस. दोन्ही काचा बोटभर उघड्या, वर आम्ही दोघे भाऊ. आईंच्या कपाळावरचे केस वाऱ्याने भुरभुरत होते आणि खांदा कोरडा ठणठणीत होता. पण घाटाच्या तोंडाशी समोरून एक ट्रक धाडकन गेला. त्याच्या वाऱ्याने भावाची पुढची कड सुटली आणि बघता बघता तो उडाला. मेणावर कोण टिकणार? पाऊस थेट पांढऱ्या सीटवर आला. मालकाचा हात आपोआप बटणाकडे गेला आणि आईंच्या बाजूची काच बंद झाली.

दोन-चार वळणांतच आईंनी तोंडावर पदर धरला. गाडी थांबवावी लागली. छत्री धरून त्या रस्त्याकडेला ओकल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. मला त्यांची दया आली आणि भावाची आठवणही.

"परत फिरूया का?" मालकाने विचारले.

"परत? ती वाट बघतेय तिथे." आईंनी माझ्याकडे पाहिले. माझ्याखालची काच अजून उघडीच होती आणि आत टिपूसही नव्हता. "किल्ली दे."

"आई, ही पावाची गाडी नाहीये."

"दिसतंय. तिच्यात पाय तरी पसरता यायचे. दे इकडे. चालवताना मला कधी गाडी लागली नाही."

मालक क्षणभर घुटमळला. मग त्याने किल्ली दिली.

मित्रांनो, काय चालवली बाईंनी गाडी! वळणाआधी हॉर्न, चढाला खालचा गिअर, कुठे घाई नाही की कुठे भीती नाही. पाऊस माझ्या पाठीवरून मागे पळत होता आणि माझ्याखाली आई मोकळा श्वास घेत होत्या. मी जन्माला आल्याचे सार्थक झाले असे मला वाटले.

डाव्या सीटवर आता मालक बसला होता. त्याचा चेहरा त्या सीटपेक्षाही पांढरा पडला होता.

"आई..."

"काय रे?"

"माझ्या बाजूची काच जरा उघडू?"

"सीट भिजेल हं."

"भिजू दे गं!"

"उघड, बाळा. सीट पुसता येते."

त्याने काच पार खाली घेतली. घाट संपेपर्यंत तो पावसात तोंड काढून बसला होता.

दवाखान्याच्या दारात आम्ही थांबलो. ओलाचिंब, पांढराफटक मालक बाहेर येताच नर्स चाकाची खुर्ची घेऊन धावल्या. "पेशंट हेच का?"

"नाही हो, पेशंट वर आहे. हा मामा होतोय!" म्हणत आई जिना चढूनही गेल्या.

बऱ्याच वेळाने मालक खाली आला आणि माझ्याजवळ उभा राहून फोनवर बोलू लागला. "मुलगी झाली! दोघी छान आहेत. हो, आई वेळेवर पोचली. आत नेईपर्यंत तिचा हात धरून होती. नाही, गाडी मी नाही चालवली. आईने आणली!" हे तो अशा ऐटीत सांगत होता, जणू गाडी त्यानेच चालवली होती. मग त्याने खिशातला चष्मा पुसायचा मऊ रुमाल काढला आणि मला पुसले. सीटकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही.

आता माझा रंग उडाला आहे, एका कोपऱ्याला चीर गेली आहे. तरी पावसात मी ताठ मानेने उभा असतो. मित्रांनो, आपल्या वस्तू जपा, जरूर जपा. आम्हाला पुसा, धुवा, पाकिटावरच्या सूचनाही वाचा. पण शेजारी बसलेले माणूस म्हणाले, "काच जरा खाली घे," तर आधी काच खाली घ्या.