दरवळे आणि मी, एक संशयी मधपेटी

मित्रांनो, मी एक जुनी मधपेटी आहे. गोंदियाला लागून असलेल्या मुर्री गावात, रत्नपाल सरांच्या परसात, सीताफळाच्या झाडाखाली माझा मुक्काम असतो. आधीच सांगून टाकते, माझा स्वभाव संशयी आहे. तुम्ही कौतुकाने जवळ आलात तरी मी मनात म्हणेन, याचं इथं काय काम असावं?

यात माझा दोष थोडाच आहे. माझं दार म्हणजे एक बोटभर फट. त्या फटीत पहारेकरी माश्या बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकीचा वास घेतात. वास घरचा असेल तर आत, नाहीतर डंख. बारा वर्षं मी हेच पाहत आले. वाण नाही पण गुण लागतोच.

मला आमगावच्या श्यामलाल सुतारांनी सागाच्या फळ्यांतून घडवलं. सर तिथल्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. त्यांनी मला गाडीत मांडीवर घेऊन घरी आणलं आणि सातेरी माश्यांची वसाहत माझ्यात बसवली. पहिल्या वर्षीचा मध बुद्धपौर्णिमेच्या खिरीत पडला. उरलेली बाटली शेजारच्या छोटेलालजींकडे गेली. कॉलेजची मुलं मला पाहायला यायची, वह्यांत माझं चित्र काढायची. तेव्हा मी संशयी असूनही फार सुखात होते.

गेल्या वर्षी धान फुलोऱ्यावर आलं होतं. सकाळी दहाच्या सुमारास माझ्या माश्या पराग आणायला छोटेलालजींच्या शेतातल्या धानाच्या बांधीत उतरल्या. नेमके त्याच वेळी छोटेलालजी पाठीवर पंप घेऊन औषध फवारत होते. दुपारपर्यंत माझ्या दारात माश्यांचा सडा पडला. ज्या कशाबशा परतल्या, त्यांच्या अंगाला औषधाचा वास लागला होता. पहारेकऱ्यांनी त्यांना ओळखलंच नाही. आपल्याच बहिणींचे पाय धरून त्यांनी त्यांना बाहेर ओढून टाकलं. मित्रांनो, ते आठवलं की मला अजून रडू येतं.

सर छोटेलालजींना एका शब्दाने बोलले नाहीत. भांडले असते तर परवडलं असतं. दोन घरांमधला चहा बंद झाला आणि मधाची बाटलीही थांबली.

सरांची मुलगी रश्मी नववीत आहे. यंदा शाळेने विज्ञान प्रदर्शनासाठी विषय दिला, 'दुसऱ्या ग्रहावरचा एखादा जीव कल्पनेने उभा करा, आणि तो तसा का झाला ते सांगा.' रश्मी वही घेऊन माझ्याजवळ बसायला लागली. कॉलेजातून आले की सरही तिच्या शेजारी चटई टाकत. तिथेच दरवळ्यांचा जन्म झाला.

दरवळ्यांच्या ग्रहावर वारा कधी थांबत नाही आणि उजेड जेमतेम संध्याकाळएवढा. आमच्या जिल्ह्यातल्या कचारगडच्या डोंगरात आहेत तशा मोठ्या गुहांत ते राहतात. एका गुहेत एकच पोळं, गुहेएवढं मोठं.

"बाबा, एवढा वारा असन तं त्यांना पंख कायले पाहिजेत?" रश्मीने विचारलं.

"नकोतच," सर म्हणाले. "मोठ्या पंखांचे उडून गेले, ते वापस आलेच नाहीत. छोट्या पंखांचे घरी राहिले आणि त्यांचीच पिल्लं वाढली. असं लाखो वर्षं चाललं, तं पंख गेलेच."

डोळेही असेच मिटत गेले. पुढचे दोन पाय लांबले आणि नाकाचं काम करू लागले. पोळ्यात अंडी घालणारी आई एकच. बाकीच्या बहिणी आईचीच पिल्लं सांभाळतात, कारण त्या वाऱ्यात एकटीने संसार मांडला तर एकही पिल्लू हाती लागत नाही, आणि बहिणी मिळून शंभर जगवतात. सगळ्यांच्या अंगाला पोळ्याचा एकच दरवळ, म्हणून ते दरवळे.

मग रश्मीने चोर आणले. त्यांचं नाव उचले. ते पोळ्यात शिरून साठा पळवतात. जी पोळी भोळी होती ती लुटली गेली, जी संशयी होती ती टिकली. संशयी पोळ्यांच्या लेकी त्याहून संशयी निघाल्या. हे ऐकून मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. माझ्या स्वभावाला शास्त्राचा आधार मिळाला होता.

पण पोरगी गप्प बसणारी नव्हती. "बाबा, घरचीच एखादी वेगळा वास घेऊन आली तं?"

"मारतील तिले."

"मंग तं ते आपणच आपल्याले मारून संपतीन ना. ते आतापर्यंत जगले कसे?"

"हा प्रश्न वहीत लिहून ठेव," सर म्हणाले. मला मात्र प्रश्नच आवडला नाही.

त्याच आठवड्यात सरांनी माझ्या चौकटी उघडून पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. राणी नाहीशी झाली होती, आणि नवी राणी घडवायला एक अंडंही उरलं नव्हतं. "महिनाभरात पेटी खाली होईल," ते रश्मीला म्हणाले. मी हादरले. रिकाम्या पेटीला आधी वाळवी लागते आणि मग तिची रवानगी चुलीत होते.

भरीस भर म्हणून छोटेलालजी रोज संध्याकाळी कुंपणाजवळ येऊ लागले. पाठीवर पंप. माझ्या दाराशी वाकून बराच वेळ पाहायचे आणि न बोलता निघून जायचे. मी मनाशी म्हटलं, हा माणूस गेल्या वर्षीचं उरलंसुरलं पुरं करायला येतो आहे. राणीही यानेच मारली असेल. दुधाने तोंड भाजलं होतं ना, मी ताकसुद्धा फुंकत होते.

रश्मीलाही तेच वाटत होतं. तिने वहीत उचल्याचं चित्र काढलं, त्याला पांढऱ्या मिशा दिल्या आणि पाठीवर पंप दिला. एका संध्याकाळी ती ते रंगवत असताना मागून आवाज आला.

"हा तं मीच आहो का जी?"

रश्मीने वही मिटली, पण उशीर झाला होता. छोटेलालजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पंप खाली ठेवून तिथेच बसले. मग तिने धीर करून विचारलं, "आजोबा, तुम्ही रोज वाकून का पाहता?"

"माश्या घरात आल्या का नाही, ते पाहून राहिलो. त्या आल्याबिगर मी फवारत नाही. मांगच्या साली मले मालूम नव्हता, बाई. सडा पाहिलो, तं दोन दिवस भात गिळला नाही."

सर दारात उभे राहून ऐकत होते. ते पायऱ्या उतरून आले. "मी बी कधी विचारलो नाही, भाऊ," ते म्हणाले, आणि पेटीत राणी नसल्याचं त्यांनी सांगितलं.

छोटेलालजींनी त्यांच्याकडे पाहिलं. "माझ्या शेताच्या धुऱ्यावरच्या वारुळात पोळं बसलं आहे. राणी आहे त्यात. तुम्ही बोलत नव्हते, तं सांगू कोणाले?"

दुसऱ्या दिवशी दोघांनी वारूळ हलक्या हाताने उकरलं. पोळ्याच्या फण्या कापून केळीच्या सोपटाच्या दोरीने चौकटींना बांधल्या आणि राणीसकट माझ्या वरच्या मजल्यात बसवल्या. पण खाली माझ्या माश्या, वर परक्या. एकदम भेटल्या असत्या तर एकमेकींना फाडून खाल्लं असतं. म्हणून सरांनी दोन्ही मजल्यांमध्ये वर्तमानपत्राचा एक कागद घातला आणि त्याला टाचणीने चार-पाच भोकं पाडली.

ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. खालच्या माश्या रागाने कागद कुरतडत होत्या आणि वरच्याही. कुरतडता कुरतडता भोकांतून वास इकडचा तिकडे झिरपत होता. कागद फाटला तेव्हा भांडायला कुणी उरलंच नव्हतं. पहारेकऱ्यांनी वास घेतला आणि वाट दिली. सकाळी माझ्या दारात कागदाचा भुगा पडलेला पाहून रश्मी धावत वही घेऊन आली.

तिने लिहिलं, "दरवळ्यांच्या काही पोळ्यांनी शेजारच्या पोळ्याकडची भिंत पापुद्र्यासारखी पातळ बांधली. उपासमार आली किंवा आपल्याच बहिणींना मारून पोळं ओस पडायला लागलं की दोन्हीकडून ती कुरतडली जाते, आणि फुटेपर्यंत वास एक होतो. जाड भिंतीवाले आपापल्या गुहेत संपले. आज आहेत ते सगळे पातळ भिंतीवाल्यांचे वंशज." खाली दोन नावं होती, तिचं आणि छोटेलाल आजोबांचं.

आता माझ्यात नवी पिल्लं आहेत. मित्रांनो, एवढं ऐका. फवारायचं तर संध्याकाळी, माश्या घरी आल्यावर फवारा. पेटी रिकामी पडली तर तिला वाळवीच्या स्वाधीन करू नका. आणि कुणाचा संशय आला, तर वर्षभर मनात ठेवू नका, जाऊन विचारा. एका भल्या माणसाला मी वर्षभर चोर समजत राहिले. पण मी पेटी, मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.