गाडीची खडखड काढली तेव्हा

मी गाडीची मागची सीट बोलतेय. नाक मुरडू नका. गाडीचा विषय निघाला की लोक इंजिनाबद्दल बोलतात, फार तर स्टिअरिंगबद्दल. मागच्या सीटला कोण विचारतंय! पुढच्या दोघींना मागेपुढे सरकायची सोय, मान टेकायला उशा, सगळे लाड त्यांचेच. मी आपली लांबलचक, जिथे बसवली तिथे बसलेली. पण मी जे ऐकलंय ना, ते त्या दोघींनी जन्मात ऐकलं नाही.

कारखान्यात तारेच्या सांगाड्यावर फोम चढवून मला बनवलं, वर राखाडी कापड शिवलं आणि बोल्ट आवळून पत्र्यावर बसवलं. माझा मालक लिफ्ट दुरुस्त करणारा, त्याची बायको शिवण शिकवणारी. त्यांची लेक माझ्यावर ओकली, माझ्यावर झोपली, मोठी झाली आणि लग्न होऊन लांब गेली. मग मागे बसायला कोणी उरलं नाही. माझ्यावर भाजीच्या पिशव्या बसू लागल्या.

मालक मनाने लोणी, पण डोक्याने पक्का लिफ्टवाला. आवाज आला म्हणजे बिघाड, आवाज गेला म्हणजे काम झालं, हे त्याचं आयुष्यभराचं शास्त्र. घरात पंखा कुरकुरला की हा लगेच स्टुलावर.

बायको म्हणायची, "एक दिवस मी कुरकुरले तर मलाही तेल घालाल."

"तू कुरकुरतच नाहीस, हीच तर पंचाईत आहे," तो म्हणायचा.

मग तिचं दुखणं निघालं. गाठ काढली, पण तोवर ते हाडांत उतरलं होतं. इस्पितळाच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिला बसवत नसे, म्हणून ती माझ्यावर आडवी व्हायची, गुडघे पोटाशी घेऊन. रस्ता सगळा खाचखळग्यांचा आणि गाडी जुनी. खालचा पत्रा थडथडायचा, दारं वाजायची, आणि त्या गदारोळात ती कण्हायची. हळूबिळू नाही हो, चांगलं मोठ्याने. "आई गं, मेले गं" करायची. देवाला शिव्या घालायची, त्याही अशा, की मला नवल वाटायचं. इस्पितळाच्या दारात इंजिन बंद झालं की हीही बंद.

"कशी आहेस?" तो मागे वळून विचारायचा.

"ठीक आहे हो. जरा डोळा लागला होता."

त्याला पुढे काही म्हणजे काही ऐकू जायचं नाही. फक्त एकदा एका खड्ड्यावर आरशात त्याला तिचं वेडंवाकडं झालेलं तोंड दिसलं. झालं! लिफ्टवाल्याने निदान केलं की हिला या खडखडीचा त्रास होतोय. गाडी थेट गॅरेजात.

गॅरेजवाल्याला सगळे दाढीवाला म्हणत. त्याचं तोंड अखंड चालू. "साहेब, मागची सीट काढावी लागेल. बोंबाबोंब करणारा पत्रा तिच्याच खाली आहे." बोल्ट सुटले, माझी उचलबांगडी झाली आणि मला भिंतीला टेकवून उभं केलं. माझ्याखालून केसांच्या पिना, बिस्किटांचा चुरा आणि लेकीचा तुटका खडू निघाला. ते सगळं त्याने झाडून टाकलं. मग गालिचा सोलला, उघड्या पत्र्यावर काळे, डांबरासारखे चिकट तुकडे मांडले, गरम हवेने मऊ केले आणि रूळ फिरवून घट्ट दाबले. दारांच्या पोटातही तेच. वर फोमचा थर.

मालकाने पत्र्यावर टिचकी मारून बघितली. आधी टण्ण वाजायचा, आता नुसतं ठप्प. एवढं खुश झालेलं मी त्याला लेक झाली तेव्हाच बघितलं होतं. मी मनात म्हणत होते, अरे बाबा, थांब, हे करू नकोस. पण सीटचं ऐकतो कोण?

पुढच्या फेरीला तो तिला म्हणाला, "झोप आता निवांत. पाळण्यात झोपल्यासारखं वाटेल."

गाडी निघाली आणि तिला स्वतःचा श्वास ऐकू आला. पहिल्या खड्ड्याला ओठांवर आलेलं कण्हणं तिने गिळलं. दुसऱ्याला डोक्याखालच्या उशीचं टोक तोंडात कोंबलं. नखं माझ्या कापडात अशी रुतवली की शिवण उसवली.

"कशी झालीय गाडी?"

"छान. किती खटाटोप केलात." जरा वेळाने ती म्हणाली, "अहो, रेडिओ लावता का? मोठा लावा."

"अगं, एवढी शांतता करून आणली आणि रेडिओ काय? डोळे मीट बघू."

तिने मिटले. मला त्याचा असा राग आला म्हणून सांगू! आणि राग तरी कसा करायचा? सगळं तिच्यासाठीच तर चाललं होतं.

अशा फेऱ्या होत राहिल्या. एका दुपारी तिच्या तोंडून किंकाळी सुटलीच. त्याने गाडी कडेला घेतली, मागे आला, तिचं डोकं मांडीवर घेऊन माझ्यावर बसला.

"एवढं दुखतंय? कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही वळून बघितलं असतं आणि गाडी ठोकली असती." ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. "खडखड होती तेव्हा बरं होतं हो. मनसोक्त ओरडता यायचं. आता तेवढीही सोय राहिली नाही."

"ओरड ना. मी आहे की."

"तुमच्यासमोर नाही जमत मला."

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा गॅरेजात. "काढ सगळं," मालक म्हणाला. दाढीवाल्याला वाटलं, साहेबांचं डोकं फिरलं. "अहो, एकदा चिकटलं की खरवडूनच निघतं. फार वेळ लागेल." मालकाने बाह्या सरसावल्या आणि स्वतःच पातं घेऊन उकिडवा बसला. पुढच्या फेरीच्या आत त्याला खडखड परत हवी होती. मी भिंतीला टेकून त्याचे काळे झालेले हात बघत होते. घरी तिच्याजवळ शेजारीण होती.

अर्धा पत्रा मोकळा झाला असेल, तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. दाढीवाल्याने त्याला स्कूटरवर घालून घरी नेलं.

दाढीवाला परतला तो एकटाच. कामं पडली होती, पण तो माझ्यासमोर मटकन खाली बसला. त्याच्या बायकोचा फोन आला तेव्हा तो तिला सांगत होता, "अगं, जिन्यातच त्यांच्या बाईंचा आवाज ऐकू आला. जोरजोरात ओरडत होत्या. मी म्हटलं, साहेब, पळा. तर साहेबांनी मलाच अडवलं. म्हणाले, माझ्यासमोर तिला ओरडता येत नाही, ओरडू दे तिला. दाराबाहेर उभेच राहिले, कडीवर हात ठेवून. आवाज थांबल्यावर आत गेले, तोवर बाई गेल्या होत्या."



काही दिवसांनी मालक आला. पत्रा अर्धा खरवडलेला, तसाच. दाढीवाल्याने मला उचललं, तेव्हा तो म्हणाला, "ती राहू दे." खडखडत गाडी बाहेर पडली आणि वळणावरून दिसेनाशी झाली.

आता मी इथेच, टायरांच्या ढिगाशेजारी. दुपारी दाढीवाला माझ्यावर आडवा होतो, घोरतो. मला घरी न्या म्हणून मी विनवणार नाही. एकच मागणं आहे. आत तुमचं माणूस ओरडत असेल, तर दाराबाहेर उभे राहू नका. ते नको म्हणालं, लाजलं, चिडलं, तरी आत जा.