गोठलेल्या कुप्या

वीस वर्षं बाळांना लस टोचणाऱ्या सुईमावशीच्या सात महिन्यांच्या नातवालाच डांग्या खोकला झाला. खोकून खोकून लेकरू निळं पडायचं. तिन्ही डोस तर मावशीनेच दिले होते!

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "मावशी, लस शरीराला रोगाची ओळख करून देते. ती एकदा पटली की रक्तातल्या पेशी ती लक्षात ठेवतात आणि रोग आत शिरला रे शिरला की प्रतिपिंडं तयार करून त्याच्यावर तुटून पडतात. ही तीन रोगांची लस ना? मग उरलेल्या दोन रोगांचीही प्रतिपिंडं याच्या रक्तात का नाहीत? लस गोठली होती का?"

लसींची कोठी तिचा सख्खा थोरला भाऊ सांभाळायचा. ती तडक तिकडे गेली, तिन्ही डोस ज्या खेपेतले होते तिच्यातलीच उरलेली कुपी काढली, जोरात हलवली आणि टेबलावर ठेवली. बघता बघता पांढरा गाळ तळाशी बसला, वर नुसतं पाणी. ही लस एकदा गोठली की अशीच होते.

"दादा, तुला माहीत होतं?"

दादाने आधी उडवाउडवी केली. मग म्हणाला, "थंड ठेवायचं यंत्र बिघडलं होतं गं. दोन दिवस आत बर्फ धरला. वर कळवलं असतं तर नोकरीवर गदा आली असती. वाटलं, थोडाफार तरी गुण येईल."

"आणि तुझी नात? तिला लस द्यायला पार वहिनीच्या माहेरी का नेलंस?"

दादाने कोठीचं दार ओढून घेतलं.

"माझ्या हातात ती कुपी तूच दिलीस," मावशीचा आवाज चिरकला. "वर म्हणालास, पोराला हळू टोच!"

त्याच दुपारी तिने सही करून तक्रार दिली. वरच्यांनी दादाला घरी बसवलं. वहिनीने बोलणं तोडलं. नातू महिन्याभराने सावरला, पण मावशीला काही दादाचं तोंड पाहवेना.

नोंदवही घेऊन ती दारोदार फिरली. "मी टोचलेली लस फुकट गेली. पुन्हा घ्यावी लागेल," असं प्रत्येक आईला स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

एकीने दार अर्धंच उघडलं. "तुमच्यावर कसा विश्वास ठेवायचा आता?"

"नका ठेवू," मावशी म्हणाली. "दुसरीकडून घ्या. पण याच आठवड्यात घ्या."

आणि ती पुढच्या दाराकडे वळली.